दोन बोटं ढील

पत्र सातबाईंच्या मशीनवर येऊन पडलं तेव्हा सुई खाली येतच होती. त्यांनी पाय वेळेवर उचलला म्हणून बरं, नाहीतर तक्रारीलाच जाळी शिवली गेली असती.

"वाचा," भाचेबुवा म्हणाले. "नंबर तुमचा आहे."

सातबाई म्हणजे सात नंबरच्या मशीनवर बसणाऱ्या बाई. कारखान्यात आठ मशीन होती आणि आठही बायकांना नंबरावरूनच हाका मारायची पद्धत पडली होती, कारण प्रत्येकीच्या कामावर तिचा नंबर जायचा. नखाएवढी कापडी पट्टी, कडेच्या शिवणीत अडकवलेली. दुकानात त्या वस्तूला हॅमॉक म्हणत, कारखान्यात सगळ्या झोळीच म्हणत. डोंगराजंगलातून महिना-दोन महिने चालत जाणारे लोक ती पाठीवर घेऊन जात, संध्याकाळी दोन झाडांना बांधत आणि वरची जाळी ओढून आत आडवे होत. खाली ओल, मुंग्या, गोचिडी. वर डास आणि चिलटं. मधे अधांतरी तो माणूस, आणि त्याची झोप जाळी शिवणाऱ्या बाईच्या हातात.

एकोणीस वर्षांत सातबाईंचा नंबर त्या लांबच्या वाटेवर त्यांच्याआधी पोचला होता. त्या स्वतः कधी तिकडे फिरकल्या नव्हत्या, पण चालणारे लोक एकमेकांना सांगत, घ्यायची तर सात नंबरची घे. वाटेच्या तोंडाशी जे दुकान होतं, तो दुकानदार मागणीच्या कागदावर खाली बारीक अक्षरात लिहायचा, 'शक्यतो सात.' सातबाई तसं कुणाला बोलून दाखवत नसत. पण ते दोन शब्द त्यांना पाठ होते.

आणि भाचेबुवा म्हणजे मालकांच्या बहिणीचा मुलगा. मालकांचे गुडघे गेले, ते घरी बसले, आणि गेल्या आठ महिन्यांपासून हा त्यांच्या खुर्चीत बसत होता. समोर सगळ्या साहेब म्हणत. पाठ फिरली की भाचेबुवा.

सातबाईंनी चष्मा लावला आणि वाचायला घेतलं.

'सात नंबर यांस. मी हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. ही वाट पूर्ण चालायची म्हणून मी तीन वर्षं एकेक रजा साठवली. बाविसाव्या दिवशी दलदलीचा भाग लागला. मी सगळं जसं करायचं तसं केलं. झाडाला बांधायच्या पट्ट्यांवर औषध फवारलं, त्यामुळे मुंग्या आत आल्या नाहीत. दिवा लावला नाही. अंधार पडायच्या आत जाळी बंद केली. तरी सकाळी दोन्ही खांदे, कोपरं आणि कपाळ यांची चाळण झाली होती. असं चार दिवस. पाचव्या दिवशी कोपर सुजून वाकेना आणि मला वाट सोडून परत यावं लागलं. माझा राग डासांवर नाही. डासांनी डासांचं काम केलं. माझी बहीण तुमच्या हातच्या झोळीत झोपून ही वाट पूर्ण चालली होती, म्हणून मी दुकानात हट्टाने तुमचा नंबर मागून घेतला. तुम्ही तुमचं काम का केलं नाहीत?'

सातबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कानाच्या पाळ्या तापल्याचं त्यांना स्वतःलाच जाणवलं.

"ही माझी नाही," त्या म्हणाल्या.

"पट्टी तुमची आहे."

"पट्टी कोणीही लावेल. पट्ट्यांचा डबा पॅकिंगच्या टेबलावर उघडा पडलेला असतो. दुकान सात नंबर मागतं म्हणून दुसऱ्या कुणाच्या कामाला माझा नंबर चिकटवला असेल. माझ्या जाळीतून एकोणीस वर्षांत डास गेलेला नाही, साहेब."

आजूबाजूची मशीन एकेक करत थांबली. चार नंबरवरच्या चारबाई, ज्या सातबाईंच्या समोरच्या रांगेत बसत आणि कारखान्यातलं एकही भांडण चुकवत नसत, त्यांनी तर मान पूर्ण वळवली.

"आवाज कमी करा, ताई. मी काही तुम्हाला फासावर देत नाहीये," भाचेबुवा म्हणाले. "उत्तर मी लिहिलंय. तुम्ही फक्त खाली सही करा, नंबर सात म्हणून."

उत्तर तयारच होतं. छान, गुळगुळीत. 'आमच्या अनुभवी कारागिराने वस्तूची तपासणी केली असता कोणताही दोष आढळला नाही. दोन झाडांमधलं अंतर चुकीचं असल्यास असा त्रास संभवतो. पुढील वेळी सूचनापत्रक वाचावे.'

"मी कधी केली तपासणी?" सातबाईंनी विचारलं.

"आता केली समजा."

"झोळी कुठे आहे?"

"आहे माझ्याकडे. त्या बाईंनी पत्राबरोबर परत पाठवलीय. पण तिचं आता काय करायचंय? पाच वाजता गाडी येतेय, पॅकिंग व्हायचंय..."

"झोळी आणा, साहेब. झोळी बघितल्याशिवाय मी सही करायची नाही. तुम्ही हवं तर माझा अंगठा कापून न्या."

झोळी आली. गुंडाळी सोडताच चिखलाचा, धुराचा आणि औषधाचा वास पसरला. सातबाईंनी ती कापायच्या मोठ्या टेबलावर पसरली आणि दुसऱ्याची चूक पकडायला निघालेल्या माणसाच्या उत्साहाने कडेवरून बोट फिरवायला सुरुवात केली. टाका बारीक होता. सरळ होता. कोपऱ्यात शिवण वळताना दोऱ्याला आतून एक जास्तीचा वेढा दिला होता. असा वेढा आठ बायकांत एकच बाई देत असे, आणि तिला तो तिच्या आईने शिकवला होता.

सातबाईंचं बोट तिथेच थांबलं.

"काय गं?" चारबाईंनी विचारलं.

"माझीच आहे," सातबाई म्हणाल्या.

तोंडात मारल्यासारखं झालं. पण डोकं चालत होतं. टाका त्यांचा, दोरा त्यांचा, मग डास शिरले कुठून? फाटलेलं कुठे नव्हतं. झिप नीट लागत होती. त्यांनी जाळी दोन्ही हातांनी पकडली, आणि मग दिसलं. जाळी कडेला ताणून बसवली होती. ढील नव्हती.

मालकांच्या काळात जाळी बसवताना दर वितीला दोन बोटं ढील सोडायची, हा नियम होता. नवी बाई आली की पहिल्या दिवशी तिला तेवढंच शिकवलं जाई. त्यामुळे रिकामी टांगलेली झोळी जरा गबाळी दिसायची, जाळी सैल लोंबायची. भाचेबुवा आले आणि त्यांनी जाहिरातीसाठी फोटो काढायला घेतले. फोटोत ती लोंबती जाळी त्यांना बघवेना. 'ही ढील काढा,' त्यांनी फर्मावलं. 'चादर कशी, कडक ताणलेली दिसली पाहिजे.'

सातबाई तेव्हा म्हणाल्या होत्या, 'मालकांनी दोन बोटं सांगितलीत.'

'का पण?'

आणि सातबाईंना सांगता आलं नव्हतं. एकोणीस वर्षं दोन बोटं सोडून शिवत होत्या, पण का, ते माहीत नव्हतं. 'तसंच करतात,' एवढंच त्या म्हणाल्या होत्या. त्यावर भाचेबुवा हसले होते, आणि सातबाईंनी मान खाली घालून ताणून शिवायला घेतलं होतं. ही झोळी त्यानंतरची होती. कापडावरच्या शिक्क्यात तारीख होती.

"आता समाधान झालं ना?" भाचेबुवा म्हणाले. "करा सही."

"नाही," सातबाई म्हणाल्या. "खुंट्या कुठे टाकल्यात?"

"कसल्या खुंट्या?"

"त्या दोन खांबांवरच्या. मालकांच्या."

ही खुंट्यांची गोष्ट कारखान्यात थट्टेचा विषय होती. मालक रोज डबा खाऊन झाला की नव्या मालातली एखादी झोळी उचलायचे, मधल्या दोन खांबांवरच्या खुंट्यांना टांगायचे, बाह्या वर करून आत पडायचे आणि अर्धा तास गुडूप. माणूस चांगला शंभर किलोचा. घोरणं मशीनच्या वर ऐकू यायचं. बायका म्हणायच्या, मालकांचं बरं आहे, झोपेचाच धंदा काढला. भाचेबुवांनी आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात खुंट्या उपटल्या होत्या. कामाच्या ठिकाणी झोपा काढणं बंद, असा कागदही दारावर लावला होता.

खुंट्या मोडक्या सामानाच्या पेटीत सापडल्या. सातबाईंनी त्या जुन्या भोकांत ठोकल्या, नर्सबाईंची झोळी टांगली, चपला काढल्या आणि आत चढल्या. चढताना दोनदा घसरल्या. कुणीतरी फिसकन हसलं. एकोणीस वर्षांत किती हजार झोळ्या त्यांच्या हाताखालून गेल्या होत्या, आणि आत कसं शिरायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पाठ टेकली तसं कापड खाली बसलं. दोन्ही कडा आत आल्या, आणि कडांनी जाळीला बरोबर ओढून आणलं. वरून ताठ दिसणारी जाळी खाली सरकली आणि खांद्यांना चिकटली. कोपराला चिकटली. कपाळावर टेकली. सातबाईंनी अंग चोरून बघितलं. तिरक्या होऊन बघितलं. काही उपयोग नव्हता. चिकटलेल्या जाळीतून डासाला आत यायची गरजच नव्हती. बाहेर बसून नुसती सोंड घालायची.

त्या तशाच पडून राहिल्या. वरच्या पत्र्याकडे बघताना त्यांना मालकांचे उघडे दंड आठवले. बाह्या वर का करायचे? उकडत होतं म्हणून? हिवाळ्यातसुद्धा करायचे.

"मालक झोपत नव्हते गं," त्या आतूनच चारबाईंना म्हणाल्या. "तपासत होते."

भाचेबुवांनी घड्याळ बघितलं. "ताई, उतरा आता. शोभत नाही."

"तुम्ही चढा."

"मी?"

"माझ्या डोळ्यांवर विश्वास नसेल तर स्वतःच्या कातडीवर ठेवा. मागे पाण्याच्या टाकीपाशी टांगते. तिथे दिवसाढवळ्या डासांची जत्रा भरलेली असते. दहा मिनिटं, बाह्या वर करून."

सात बायका बघत होत्या. नाही म्हणावं तर नाक कापलं जात होतं. भाचेबुवा गेले. टाकी आणि भिंतीच्या मधे सातबाईंनी झोळी बांधली, साहेबांना आत आडवं केलं आणि झिप स्वतःच्या हाताने लावली. भाचेबुवांनी पहिली दोन मिनिटं मोबाइल बघितला. तिसऱ्या मिनिटाला खांदा झटकला. चौथ्याला कपाळावर चापट मारून घेतली, ती जाळीसकट. सहाव्याला त्यांना झिप सापडेना.

बाहेर आले तेव्हा कोपरावर टपोऱ्या गांधी उठल्या होत्या. ते खाजवत खाजवत टाकीकडे, मग झोळीकडे, मग सातबाईंकडे बघत राहिले. सातबाईंना वाटलं, आता पोरगा म्हणेल, चुकलं. वाटलं तरी.

"हे बघा ताई," भाचेबुवा आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या मालात ढील सोडा. काही हरकत नाही. पण हे चार भिंतींच्या आत राहू दे. आजचा माल बांधून तयार आहे, तो जाऊ दे. आणि त्या पत्रावर सही करून टाका."

"आजच्या मालात किती आहेत?"

"साठेक."

"सगळ्या ताणलेल्या?"

भाचेबुवा पुन्हा कोपर खाजवायला लागले.

सातबाई ऑफिसात गेल्या, फोन उचलला आणि मालकांच्या घरी लावला. भाचेबुवा मागोमाग दारात येऊन उभे राहिले. मालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि सुस्कारा सोडला.

"अगं, दोन बोटं म्हणजे माणसाच्या वजनाची जागा. तेवढंही कळलं नाही पोराला?"

"त्यांना कळलं नाही, आणि मलाही कळलं नव्हतं, मालक," सातबाई म्हणाल्या. "तुम्ही दोन बोटं सांगितलीत, का ते एकदाही सांगितलं नाहीत. सांगितलं असतं तर मी त्या दिवशी ह्यांच्यासमोर मान खाली घातली नसती."

"मला वाटलं, इतकी वर्षं शिवताय, तुम्हाला माहीत असणार."

"कसं माहीत असणार? तुम्ही रोज आत झोपलात. आम्हाला कधी झोपवलंत का?"

मग मालक म्हणाले, "आज गाडी थांबवणं मला जमायचं नाही. आता मी लक्ष घालत नाही. भाचा म्हणेल तसं."

म्हणजे हात वर. सातबाईंनी फोन ठेवला. आतापर्यंत राग एकट्या भाचेबुवांवर होता. आता तो वाटला गेला. थोडा मालकांना, आणि चांगला मोठा वाटा स्वतःला. त्याने तो कमी झाला असं मात्र नाही.

पॅकिंगच्या टेबलाशी गठ्ठे उभे होते. साडेचार वाजले होते. सातबाईंनी आपल्या खणातून उसवणी काढली, शिवण उसवायचं ते छोटं दोन टोकांचं हत्यार, एक गठ्ठा सोडला आणि त्यातून सात नंबरच्या झोळ्या वेगळ्या काढायला लागल्या.

"काय चाललंय?" भाचेबुवा धावत आले.

"माझी शिवण उसवतेय."

"तो कंपनीचा माल आहे!"

"कापड कंपनीचं. जाळी कंपनीची. त्यांना मी धक्का लावत नाहीये, बघा, एक भोक पाडलं तर सांगा. टाके माझे आहेत. त्यावर नंबर माझा आहे, आणि पत्रं मला येतात." कर्रर्र करत एक अख्खी कड मोकळी झाली. "त्या बाईनं तीन वर्षं रजा साठवली होती, साहेब. तुम्ही तिला सूचनापत्रक वाचायला सांगताय. अहो, तिनं पट्ट्यांनासुद्धा औषध मारलं होतं! चुकलं काय तिचं? माझ्यावर विश्वास ठेवला, एवढंच ना?"

"मी तुम्हाला काढून टाकेन."

"टाका. आणि दुकानाला कळवा, 'शक्यतो सात' आता मिळायची नाही. का ते मीच लिहीन त्यांना, तुम्हाला त्रास नको."

तेवढ्यात चारबाई उठल्या. त्यांनी आपली उसवणी पदराला पुसली, टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्याही काढ गं. नंबर मलाही आहे."

कोणीतरी पुढे येईल म्हणून सातबाईंनी एकदा सगळ्यांकडे बघितलं. दोन नंबरने मान खाली घातली. आठ नंबर दोरा ओवायला लागली, ओवलेल्या सुईत. सातबाईंना त्यांचाही राग आला, आणि मग आपण स्वतः कशी मान घातली होती ते आठवलं आणि त्यांनी पुढची कड उसवायला घेतली. पाच वाजता गाडी आली आणि बाकीच्या सदतीस झोळ्या घेऊन गेली. सातबाईंनी त्या मोजल्या नव्हत्या. पॅकिंगवाल्याने जाताना हळूच आकडा सांगितला, आणि तो त्यांना घरी जाईपर्यंत टोचत राहिला.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून त्यांनी दोन पत्रं लिहिली. पहिलं दुकानदाराला, आलेला माल विकू नका, परत पाठवा, कारण असं असं. ते भराभर झालं. दुसऱ्याला चार कागद फुकट गेले.

'नर्सबाईंस. तुम्ही विचारलंत, काम का केलं नाही. टाके माझेच आहेत. जाळी मी ताणून बसवली, मला सांगितलं म्हणून. नाही म्हणायला हवं होतं, पण कारण माहीत नव्हतं म्हणून म्हणता आलं नाही. तुम्ही झाडं बरोबर निवडलीत, सगळं बरोबर केलंत. मी एकोणीस वर्षं झोळ्या शिवल्या आणि आत पहिल्यांदा झोपले ती तुमच्या. आधी झोपायला हवं होतं. तुमची झोळी ढील सोडून पुन्हा शिवते आहे. तुमची रजा मला परत देता येत नाही, याचं फार वाईट वाटतं. सात नंबर.'

भाचेबुवांनी त्यांना काढलं नाही. बोललेही नाहीत. दारावरचा झोपा काढण्याबद्दलचा कागद मात्र तसाच होता.

तिसऱ्या दिवशी नर्सबाईंची झोळी शिवून झाली. डबा खाऊन झाल्यावर सातबाईंनी ती खुंट्यांना टांगली, बाह्या वर केल्या आणि आत चढल्या. या वेळी एकदाच घसरल्या. चारबाई रांगेत उभ्या होत्या, आणि त्यांच्या मागे, दुसरीकडे बघत, दोन नंबरही.

भाचेबुवा ऑफिसातून बाहेर आले. कोपरावरच्या गांधी अजून गेल्या नव्हत्या.

"ताई, झोपलात की काय?"

"काम करतेय," सातबाई डोळे न उघडता म्हणाल्या.

मग त्यांनी कोपर जितकं बाहेर जाईल तितकं रेटून बघितलं. जाळी दोन बोटं लांबच राहिली.